सिद्धतेतला जमाखर्च आणि अध्याहृत पक्ष

भूमितीच्या वहीत प्रमेयाचे तीन भाग असतात: पक्ष, साध्य आणि सिद्धता. पक्षात दिलेले विधान सिद्धतेत एकदा वापरले, दहा वेळा वापरले किंवा एकदाही वापरले नाही, तरी कोणी हरकत घेत नाही. दोन बाजू समान आहेत असे मान्य केले की त्या शेवटच्या ओळीपर्यंत समानच राहतात. ही मुभा इतकी अंगवळणी पडलेली होती की तिला नियम म्हणून मांडायला १९३०चे दशक उजाडावे लागले. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गेरहार्ड गेंट्झेन यांनी १९३४-३५च्या निबंधात तिचे दोन स्वतंत्र नियम केले. पहिला, पक्षातले विधान न वापरता सोडून देता येते. दुसरा, एकाच विधानाच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. नियम वेगळे लिहिले की ते काढूनही टाकता येतात, आणि फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ झाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये तेच केले. त्यांच्या लिनिअर लॉजिकमध्ये पक्षातले विधान वापरले की खर्ची पडते. ज्या विधानावर खास खूण असेल तेवढेच कितीही वेळा वापरता येते.

गणिताला अशी काटकसर क्वचितच लागते. संगणकाच्या प्रोग्रामला ती पदोपदी लागते, कारण प्रोग्राम चालताना परिस्थितीच बदलत जाते. ‘क्ष या पत्त्यावर ५ आहे’ हे विधान आत्ता खरे असेल. पुढच्या ओळीत तिथे ६ लिहिले गेले की ते बाद. टोनी होअर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रामविषयी सिद्धता लिहिण्याची रीत घालून दिली: आज्ञेआधी काय खरे होते, आज्ञा कोणती, आज्ञेनंतर काय खरे आहे. साध्या चलांपुरती ती उत्तम चालते आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणारी चले, आले की अडते. क्ष आणि य ही एकाच पत्त्याची दोन नावे असू शकतात, त्यामुळे क्षमध्ये काही लिहिले की यबद्दलची माहितीही संशयास्पद होते. मग प्रत्येक जोडी वेगळी असल्याचे लिहून ठेवावे लागते. दहा पॉइंटरांच्या ४५ जोड्या होतात, आणि प्रोग्राम चालताना वाढत जाणाऱ्या रचनेत किती होतील ते आधी सांगताही येत नाही.

यावरचा उपाय २००० च्या सुमारास जॉन रेनॉल्ड्स, पीटर ओहर्न, समीन इश्तियाक आणि हाँगसोक यांग यांच्या कामातून आला. त्याचे नाव सेपरेशन लॉजिक. त्यात नेहमीच्या ‘आणि’च्या जोडीला एक वेगळा ‘आणि’ असतो, तो ताऱ्याच्या चिन्हाने लिहितात. ‘क्षमध्ये ५, तारा, यमध्ये ७’ याचा अर्थ मेमरीचे दोन न छेदणारे तुकडे आहेत, एक पहिल्या विधानाचा आणि दुसरा दुसऱ्याचा. क्ष आणि य वेगळे आहेत हे सांगण्याचे कारणच उरत नाही, ते ताऱ्यातच आले. ‘क्षमध्ये ५ आहे’ हे विधानही आता नुसती माहिती राहत नाही. त्या पत्त्याचा ताबा आपल्याकडे आहे, हा दाखला त्यात असतो. ताबा असल्याशिवाय त्या पत्त्याला हात लावता येत नाही. म्हणून एखादा उपप्रोग्राम त्याला दिलेल्या तुकड्यावर बरोबर चालतो हे सिद्ध झाले, की बाकीच्या सगळ्या मेमरीला त्याने धक्का लावलेला नाही हे फुकटात मिळते. मोठ्या प्रोग्रामची सिद्धता तुकड्यातुकड्याने करता येते ती या एका नियमामुळे.

ताबा विभागताही येतो. जॉन बॉइलँड यांनी २००३ मध्ये अपूर्णांकांतला ताबा सुचवला: पूर्ण ताबा असेल तर लिहिता येते, अर्धा किंवा पाव असेल तर फक्त वाचता येते. सातबाऱ्यावर चार सहहिस्सेदार असले की जमीन प्रत्येक जण कसू शकतो, पण अख्खी जमीन विकायची तर चौघांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. तसाच हा हिशेब. सगळे अंश एकत्र करून बेरीज १ झाली की लिहिण्याचा हक्क परत येतो, आणि बेरीज १ च्या वर कधीच जात नाही. एका प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांपर्यंत, म्हणजे थ्रेडांपर्यंत, हे तर्कशास्त्र स्टीफन ब्रुक्स आणि ओहर्न यांनी नेले. त्यासाठी त्यांना २०१६ चे गोडेल पारितोषिक मिळाले.

कागदावर एवढे सगळे छान दिसते. खऱ्या प्रोग्रामच्या सिद्धता मात्र शेकडो पानांच्या होतात आणि त्यातला ताब्याचा हिशेब माणसाच्या नजरेतून हमखास निसटतो. तो तपासायला प्रूफ असिस्टंट लागतो. माणूस पायऱ्या सुचवतो आणि हे सॉफ्टवेअर प्रत्येक पायरी नियमात बसते का ते पाहते. यातला जुना आणि नावाजलेला म्हणजे फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत थिएरी कोकाँ आणि जेरार ह्युए यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला कॉक. २०२५ पासून त्याचे नाव रॉक झाले आहे. नकाशे रंगवायला चार रंग पुरतात या प्रमेयाची जॉर्ज गाँतिए यांची सिद्धता याच्यातच तपासली गेली. कॉकचा विश्वास एका लहान गाभ्यावर असतो. बाकी कितीही सोयी वर रचल्या तरी शेवटची पावती हा गाभाच देतो.

अडचण अशी की या गाभ्याचे तर्कशास्त्र भूमितीच्या वहीतले आहे. तिथे पक्षातले विधान कितीही वेळा वापरता येते. खर्ची पडणारे पक्ष हवे असतील तर त्या तर्कशास्त्राच्या आत दुसरे तर्कशास्त्र बांधावे लागते. आयरिस ही अशी बांधणी आहे. डेन्मार्कमधील आऱ्हुस विद्यापीठातले लार्स बिर्केडाल, जर्मनीतील झारब्रुकेनच्या माक्स प्लांक संस्थेतले डेरेक ड्रायर, त्यांच्यासोबतचे राल्फ युंग आणि इतर संशोधक यांचा आयरिसवरचा पहिला निबंध २०१५ मध्ये आला. कामाच्या पसाऱ्याच्या मानाने तिची मूळ कल्पना आटोपशीर आहे.

एक अगदी छोटा प्रोग्राम घेऊ. एका गणकात शून्य आहे, दोन थ्रेड त्यात प्रत्येकी १ एकाच अविभाज्य पायरीत मिळवतात, दोन्ही संपल्यावर गणकात २ असले पाहिजेत. सुझन ओविकी आणि डेव्हिड ग्रीस यांनी १९७६ मध्येच याची मेख दाखवली होती: केवळ गणकाच्या किमतीवरून हे सिद्ध होत नाही. गणकात १ दिसला तर तो कोणाचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून सिद्धतेपुरते दोन कल्पित आकडे लिहायचे, एक पहिल्या थ्रेडचे योगदान आणि एक दुसऱ्याचे, आणि गणक नेहमी त्यांच्या बेरजेइतका असतो अशी अट ठेवायची. प्रोग्राम चालताना हे आकडे कुठेच नसतात. आयरिसच्या परिभाषेत ही घोस्ट स्टेट. तिचाही ताबा असतो आणि तिचेही अंश पडतात. कोणते अंश एकत्र येऊ शकतात आणि कोणते नाही, हे सांगणाऱ्या बीजगणिती रचनेला रिसोर्स अल्जिब्रा म्हणतात. आयरिसचे सामर्थ्य इथे आहे: सिद्धता लिहिणारा आपल्याला हवी ती रचना स्वतः ठरवू शकतो.

आता हिशेब कसा ठेवला जातो ते पाहू. रॉबर्ट क्रेबर्स, अमीन तिमानी आणि बिर्केडाल यांनी २०१७ मध्ये आयरिससाठी कॉकमध्ये सिद्धता लिहिण्याची खास सोय मांडली. तिच्या पडद्यावर पक्ष तीन थरांत दिसतात. सर्वांत वर कॉकचे स्वतःचे पक्ष, म्हणजे शुद्ध गणिती विधाने. त्याखाली आयरिसची टिकाऊ विधाने, जी वापरून संपत नाहीत. त्याखाली खर्ची पडणारी, म्हणजे ताब्याची विधाने. सर्वांत तळाशी साध्य. थरांमधल्या रेघांवर चौकोन आणि तारा ही चिन्हे असतात, त्यामुळे कोणता थर कोणता ते चटकन कळते.

साध्य जेव्हा ‘अ तारा ब’ असे असते, तेव्हा सिद्धतेचे दोन फाटे फुटतात आणि प्रश्न पडतो की तळच्या थरातली कोणती विधाने कोणत्या फाट्याला द्यायची. टिकाऊ विधाने दोन्हीकडे जातात, त्यांची चिंता नाही. खर्चाच्या विधानांची वाटणी माणसाला करावी लागते. डावीकडे जाणाऱ्यांची नावे लिहिली की उरलेली उजवीकडे जातात. चूक झाली तर ती लगेच कळत नाही. डावा फाटा व्यवस्थित संपतो, उजवा बराच पुढे सरकतो आणि शेवटी लक्षात येते की हवा असलेला दाखला मघाशीच डावीकडे देऊन टाकला आहे. ही वाटणी यंत्रावरच का सोपवू नये, असे वाटणे साहजिक आहे. पण लिनिअर लॉजिकमध्ये दिलेले विधान सिद्ध होते की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण यांत्रिक कृती असूच शकत नाही, हे १९९० च्या सुमारास सिद्ध झाले आहे. म्हणून यंत्र साधी मदत तेवढी करते: साध्यात आणि पक्षात एकसारखे काही दिसले की ते दोन्हीकडून वजा करते. रोजच्या कामात तेवढ्यानेच बराच भार हलका होतो.

टिकाऊ आणि खर्ची पडणाऱ्या विधानांची सांगड सर्वांत चातुर्याने बसते ती इन्व्हेरियंटमध्ये. इन्व्हेरियंट म्हणजे कायम पाळायची अट. वरच्या उदाहरणात ‘गणक बरोबर दोन योगदानांची बेरीज’ ही ती अट. अट लागू आहे ही माहिती टिकाऊ असते, म्हणून दोन्ही थ्रेडांना तिची प्रत देता येते. अटीच्या आत ठेवलेला गणकाचा ताबा मात्र एकच असतो. तो काढून घेता येतो तो फक्त एका अविभाज्य पायरीपुरता, आणि पायरी संपताच परत ठेवावा लागतो. तेच इन्व्हेरियंट एका वेळी दोनदा उघडता आले असते तर एकाच गणकाचे दोन मालक झाले असते आणि त्यातून वाटेल ते सिद्ध झाले असते. म्हणून कोणती इन्व्हेरियंट सध्या उघडी आहेत याची नोंद प्रोग्रामच्या पायऱ्यांविषयीच्या विधानांना चिकटलेली असते. ती नोंद बहुतेक वेळा पडद्यावर दिसत नाही, आणि नवशिक्याची पहिली मोठी दमछाक बहुधा तिथेच होते.

न वापरलेला ताबा आयरिस सोडून देऊ देते. गेंट्झेन यांच्या दोन नियमांपैकी पहिला तिने ठेवला आहे, दुसरा काढला आहे. ही सोय महागात पडत नाही असे नाही: मेमरी घेऊन ती परत न करणारा प्रोग्रामही आयरिसमध्ये निर्दोष ठरतो. तेही पकडायचे तर आणखी कडक तर्कशास्त्र लागते, आणि त्यासाठी आयर्न नावाची वेगळी बांधणी २०१९ मध्ये झाली.

इथवरचा हिशेब डोळ्यांसमोरचा होता. याच्या खाली एक दुसरा हिशेब असतो, तो मुद्दामच लपवलेला असतो. गणकाची लायब्ररी लिहिणाऱ्याला एक रिसोर्स अल्जिब्रा लागते, लॉकची, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाची, लायब्ररी लिहिणाऱ्याला दुसरी, मेमरीच्या ताब्यासाठी तिसरी. आयरिसमधले प्रत्येक विधान अशा सर्व रचनांच्या एका यादीवर अवलंबून असते. यादीचे नाव सिग्मा. ती पक्की कधी करायची? प्रत्येक लायब्ररीने स्वतःची यादी पक्की केली तर गणकाची सिद्धता एका यादीवर आणि लॉकची दुसऱ्या यादीवर उभी राहील, आणि दोन्ही वापरणारा प्रोग्राम कशावरच उभा राहणार नाही. म्हणून कोणीच ती पक्की करत नाही. गणकाचा लेखक म्हणतो: सिग्मा कोणतीही असो, तिच्यात माझी रचना आहे एवढे धरा. लॉकचा लेखक आपल्या रचनेबद्दल तसेच म्हणतो. दोन्ही वापरणारा दोन्ही गोष्टी धरतो. एवढी लवचिकता मिळते ती यादी शेवटपर्यंत मोकळी ठेवल्यामुळे.

‘तिच्यात माझी रचना आहे’ हा पक्षच आहे आणि तो प्रत्येक लहानमोठ्या प्रमेयाला जोडावा लागतो. दर वेळी लिहून दाखवायचे ठरवले तर पानेच्या पाने त्यातच जातील. त्यामुळे तो अध्याहृत ठेवतात. कॉकमध्ये टाइपक्लास नावाची सोय आहे. विभागाच्या सुरुवातीला पक्ष एकदा सांगितला की पुढे लागेल तिथे यंत्र तो शोधून भरते. प्रमेय वाचणाऱ्याला ‘गणकात २ आहे’ एवढेच दिसते. कोणत्या यादीत आणि कोणत्या आधारावर, ते पडद्यामागे असते.

या सोयीत दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे एकच पक्ष दोनदा धरणे. मेमरीच्या ताब्याचा पक्ष इतर पक्षांसारखा नसतो. यादीत रचना आहे एवढेच तो सांगत नाही. प्रोग्रामची मेमरी त्या रचनेच्या अमुक एका नोंदीत लिहिली आहे, हेही सांगतो. अशी नोंद एकच असायला हवी. पण गणकाच्या लायब्ररीने हा पक्ष आपल्या गठ्ठ्यात बांधला आणि वापरणाऱ्याने तो वेगळाही लिहिला, की यंत्राच्या दृष्टीने दोन स्वतंत्र मेमरी होतात. मग ‘क्षमध्ये ५’ हे पक्षात आहे, ‘क्षमध्ये ५’ हेच साध्य आहे, पडद्यावर दोन्ही अक्षरशः सारखी दिसतात आणि यंत्र म्हणते जुळत नाहीत. अध्याहृत भाग छापायला लावला की फरक उघड होतो. हे टाळण्यासाठी आयरिसमध्ये नावांचा संकेत आहे: साध्या पक्षाच्या नावाला एक प्रत्यय, आणि ज्याची नोंद एकच हवी त्याच्या नावाला दुसरा. दुसऱ्या प्रकारचे पक्ष लायब्ररीने आपल्या गठ्ठ्यात बांधू नयेत, वापरणाऱ्याकडून मागावेत. नुसत्या शिस्तीवर चालणारा हा नियम आहे. गाभा त्याची तपासणी करत नाही.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. धरलेला पक्ष कधी पुराच होऊ शकत नसेल तर त्यावर उभे असलेले प्रमेय खरे असूनही पोकळ असते. अशक्य गोष्ट धरली की त्यातून काहीही निघते, आणि कॉकचा गाभा अशा सिद्धतेला आनंदाने पावती देतो, कारण तिच्यात तर्काची चूक नसते. म्हणून शेवटची पायरी महत्त्वाची ठरते. प्रोग्राम पूर्ण झाला की सिग्मा प्रत्यक्ष लिहायची: मेमरीची रचना, गणकाची, लॉकची, बस. प्रत्येक लायब्ररी आपला पक्ष या यादीतून कसा पुरा होतो हे दाखवणारे छोटे प्रमेय सोबत देते. एकेरी नोंदींसाठी ती नोंद सुरुवातीला निर्माण करता येते हेही दाखवावे लागते. मग आयरिसचे मुख्य प्रमेय लावतात. त्याचा निष्कर्ष आयरिसच्या भाषेत नसतोच. प्रोग्राम मध्येच अडकणार नाही आणि उत्तर आले तर ते अमुक अटीत बसेल, असे साधे गणिती विधान उरते. तारे, घोस्ट स्टेट, सिग्मा सगळे निघून जाते. ज्या सिद्धतेने ही पायरी घेतलेली नाही, ती कितीही लांब असली तरी तिचा जमाखर्च अजून मिटलेला नाही असेच समजावे.

अध्याहृत गोष्टी याही खाली असतात. कॉकमध्ये एखादे विधान सिद्ध न करता स्वीकारता येते: ‘प्रत्येक विधान खरे किंवा खोटे असतेच’ हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण, आणि अर्धवट सोडून ‘मान्य’ म्हणून पुढे गेलेली सिद्धता हे त्यातले लाजिरवाणे. कोणते प्रमेय अशा कशावर टेकले आहे हे विचारायची आज्ञा कॉकमध्ये आहे, लीन या दुसऱ्या प्रूफ असिस्टंटमध्येही आहे. तिचे उत्तर वाचताना एक मेख ध्यानात ठेवावी लागते. ही आज्ञा सिद्धतेबाहेरून उसने घेतलेले दाखवते. प्रमेयाच्या पक्षात बसलेले दाखवत नाही. वरचा अशक्य पक्ष अध्याहृत असला तरी तो प्रमेयाचाच भाग असतो, त्यामुळे उत्तर येते की प्रमेय कशावरही टेकलेले नाही. उत्तर खोटे नसते, पण ज्याला भीती पोकळपणाची आहे त्याला ते काहीच सांगत नाही.

पक्षात न लिहिलेला आणखी एक पक्ष प्रोग्रामच्या भाषेच्या व्याख्येत असतो. भाषा कशी चालते ते आधी गणितात लिहावे लागते, आणि त्या लिहिण्यात जे सुटले ते सिद्धतेलाही दिसत नाही. आयरिसचा एक मोठा उपयोग ठरलेला रस्टबेल्ट प्रकल्प याची दोन बाजूंनी साक्ष देतो. रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा ताब्याच्याच कल्पनेवर उभी आहे. तिच्या काही मूलभूत लायब्ररी मात्र भाषेचे नियम आतून मोडतात आणि बाहेरून सुरक्षित असल्याचे वचन देतात. ती वचने तपासण्याचे काम रस्टबेल्टने केले. निबंध २०१८ मध्ये आला. त्या कामाच्या ओघात लॉक लायब्ररीतली चूक सापडली. एखादी वस्तू अनेक थ्रेडांनी एकाच वेळी वापरणे सुरक्षित आहे की नाही, हे रस्टचा कंपायलर तिच्या घटकांवरून स्वतःच ठरवतो. लॉक घेतल्यावर हाती येणाऱ्या वस्तूबद्दल त्याने ठरवलेले उत्तर चुकीचे होते, आणि ते खोडून काढणारी ओळ लिहायची राहून गेली होती. अध्याहृत पक्ष यंत्राने चुकीचा भरला, त्याचेच हे उदाहरण. ती चूक २०१७ मध्ये दुरुस्त झाली.

पण रस्टबेल्टच्या पहिल्या गणिती प्रतिकृतीत थ्रेडांमधला समन्वय प्रत्यक्षातल्यापेक्षा कडक धरला होता: समन्वयासाठी केलेले एकाचे लिहिणे सगळ्यांना एकाच क्रमाने दिसते, असे. आजचे प्रोसेसर आणि कंपायलर वेगासाठी तो क्रम ढिला ठेवतात आणि रस्टच्या लायब्ररी त्या ढिलाईचा जाणूनबुजून फायदा घेतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या कामात होआंग-हाय डांग, जाक-आंरी जूर्दां, यान-ऑलिव्हर कायझर आणि ड्रायर यांनी ही ढिलाई व्याख्येत आणली आणि तीच सिद्धता पुन्हा करू घातली. एकच वस्तू अनेक थ्रेडांत वाटून देणाऱ्या आर्क लायब्ररीत ती अडली. ‘आता या वस्तूचा मालक मी एकटाच’ हे तपासताना मालकांची संख्या जितक्या ढिलाईने वाचली जात होती, तितकी ढिलाई परवडणारी नव्हती. दोन थ्रेड एकाच वस्तूवर एकमेकांना न विचारता हात टाकू शकत होते. लायब्ररीत त्या वाचनाचा क्रम कडक करण्यात आला.